कामाचे तास कमी होतील काय?

कामाचा आठवडा लहान करावा, असे कोणी म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात दोन शंका उभ्या राहतात. यामुळे आळसाला उत्तेजन तर मिळणार नाही ना, ही पहिली. आणि याचा खर्च कोणी सोसावयाचा, ही दुसरी. दोन्ही शंका प्रामाणिक आहेत व त्यांना प्रामाणिक उत्तर मिळावयास हवे. गोव्यातील पेडणे आणि डिचोली हे दोन तालुके डोळ्यांसमोर ठेवून आपण तसा प्रयत्न करू. खाण, कारखाना, विमानतळ, समुद्रकाठचे हॉटेल, आठवड्याचा बाजार, सरकारी कचेरी आणि काजूची बागाईत अशी नाना तऱ्हेची कामे येथे शेजारी शेजारी चालतात. त्यामुळे येथे जे शक्य ठरेल ते इतरत्रही अशक्य म्हणता येणार नाही.

प्रथम थोडा इतिहास पाहू. मुंबईच्या गिरण्यांत कामगारांना एके काळी ठरलेली साप्ताहिक सुटी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून चालविलेल्या चळवळीला यश आले आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मान्य झाली. त्यानंतर आठवड्याचे तास कायद्याने उतरत गेले. १९२२ साली मर्यादा ६० तासांवर आली, १९३४ साली बारमाही कारखान्यांसाठी ती ५४ झाली, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूर खात्याचे सदस्य असताना मांडलेल्या विधेयकातून १९४६ साली ती ४८ वर आली. एकेका तपाच्या अंतराने सहा-सहा तास कमी झाले. दर वेळी 'धंदा बुडेल' अशी हाकाटी झाली. पण धंदा बुडाला नाही. गोवा १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाला व पुढे हेच कायदे येथेही आले.

परंतु १९४६ नंतर सहा तपे उलटून गेली, तरी तो आकडा जागचा हललेला नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात अमलात आलेल्या नव्या श्रमसंहितांतही आठवड्याची मर्यादा ४८ तासांचीच आहे. यंत्रे बदलली, एका माणसाच्या हातून होणारे काम कित्येक पटींनी वाढले. त्या वाढीतील वेळेचा वाटा मात्र कामगाराच्या पदरात पडला नाही. इतकेच नव्हे, तर २०२५ साली गोवा विधानसभेने कारखान्यांतील रोजच्या कामाची मर्यादा नऊवरून दहा तासांवर नेणारे विधेयक मंजूर केले.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. कामाचे दिवस कमी होणे आणि कामाचे तास कमी होणे या एकच गोष्टी नव्हेत. महाराष्ट्र सरकारने २९ फेब्रुवारी २०२० पासून आपल्या कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा दिला, तेव्हा रोजची वेळ पाऊण तासाने वाढविली. कचेरीतील मेजावर हे चालून जाते. पण चार दिवस बारा-बारा तास यंत्रापुढे उभे राहावयाचे आणि तीन दिवस घरी राहावयाचे, ही योजना सुटीची खरी. विश्रांतीची म्हणवत नाही. बाराव्या तासाला थकलेला हात यंत्रात सापडला, तर पुढच्या तीन सुट्या त्याची भरपाई करीत नाहीत. म्हणून आठवडा लहान करावयाचा तो तास कमी करूनच, आणि वेतनाला हात न लावता.

वेतनाची अट का, हे डिचोलीकरांना सांगावयास नको. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या. मध्यंतरी सुरू होऊन २०१८ च्या मार्चात पुन्हा बंद झाल्या. ट्रक अंगणात उभे राहिले, बार्जी नदीत नांगरून पडल्या. माणसांच्या हाती वेळच वेळ आला. पण त्याला सुटी कोण म्हणेल? ट्रकावरील कर्जाचा हप्ता चुकत असताना लाभलेला रिकामा वेळ हा काळजीचाच असतो. विश्रांती आणि बेकारी यांत फरक एवढाच की, पहिलीच्या पाठीशी पगार असतो. डिचोलीतील खाणकाम २०२४ साली पुन्हा सुरू झाले. तो धडा विसरला जाऊ नये.

आता लाभांकडे वळू. या भागातील कितीतरी नोकरदार कुटुंबांची थोडीबहुत शेती किंवा काजूची बाग आहे. बोंडे वेचण्याचे दिवस मोजकेच असतात, आणि भाताची लावणी पावसाची वाट पाहते, मालकाच्या रजेची नव्हे. हाती मोकळा दिवस असेल, तर ती जमीन पडीक राहण्याचे एक कारण तरी दूर होईल. स्त्रियांची गोष्ट याहून महत्त्वाची. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणारी स्त्री त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालविते, तर घरकाम करणारा पुरुष ८८. कारखान्यातून घरी परतणाऱ्या स्त्रीची दुसरी पाळी चुलीपाशी सुरू होते, हा याचा सरळ अर्थ. पुरुषाला वेळ मिळाला म्हणजे तो आपोआप भांडी घासू लागेल असे नव्हे; पण निदान 'वेळच नाही' ही सबब तरी उरणार नाही.

राहता राहिला खर्चाचा प्रश्न. तुये येथील औद्योगिक वसाहतीतला एखादा अहोरात्र चालणारा कारखाना घ्या, किंवा २०२३ च्या जानेवारीपासून विमानांची ये-जा पाहणारा मोपाचा विमानतळ घ्या. आठवड्याचे एकूण तास १६८. माणसागणिक ४८ तास धरले, तर एक जागा सतत भरलेली ठेवण्यास साडेतीन माणसे लागतात. ४२ तास धरले, तर बरोबर चार. म्हणजे दर सात कामगारांमागे एका नव्या माणसाला काम द्यावे लागेल. समजा, उत्पादनाच्या खर्चात मजुरीचा वाटा पाचवा हिस्सा आहे. तर एकूण खर्च शेकडा तीनपेक्षा कमीच वाढेल. थकव्यामुळे होणारी नासाडी, अपघात आणि गैरहजेरी कमी झाल्यास यातील काही भाग भरूनही निघेल. ब्रिटनमध्ये २०२२ साली ६१ संस्थांनी सुमारे २,९०० कर्मचाऱ्यांवर पूर्ण पगारात कमी तासांचा प्रयोग केला आणि त्यांतील बहुतेकांनी तो पुढेही चालू ठेवला. त्या संस्था बहुतांशी कचेरीवजा होत्या, हे मान्य. म्हणूनच आपला हिशेब आपल्या पाळ्यांवरून मांडावयास हवा.

सर्वत्र एकच माप लागू पडणार नाही, हेही खरे. खेपेवर कमाई करणाऱ्या ट्रकचालकाचे तास कमी केले तर त्याची कमाईच घटेल. त्याला आधी निश्चित मूळ वेतन मिळाले पाहिजे. मोरजी-हरमलच्या किनाऱ्यावर हंगामात गर्दी आणि पावसाळ्यात शुकशुकाट. तेथे हंगामातील जादा तासांचा हिशेब ठेवून पावसाळ्यात पगारी रजा देणे अधिक सोयीचे. बाजारपेठेतील दोन नोकरांच्या दुकानदाराकडून आज ४२ तासांची अपेक्षा करणे वाजवी नव्हे. मात्र १९७३ च्या गोव्याच्या दुकानविषयक कायद्याने दिलेली साप्ताहिक सुटी त्या नोकराला खरोखर मिळते की नाही, हे पाहणे वाजवीच आहे.

तेव्हा सुरुवात करावयाची ती पाळ्यांच्या कामापासून, सरकारी आणि मोठ्या उद्योगांपासून. आणि पहिले पाऊल ४८ वरून ४२ असे. पुन्हा सहाच तासांचे. आपल्या आजोबांच्या पिढीने गरीब देशात, जुन्या यंत्रांवर ते पाऊल दोनदा उचलले. त्यांच्याहून कितीतरी अधिक साधने हाती असताना आपल्याला ते परवडणार नाही, असे म्हणणाऱ्याने निदान आपला जमाखर्च तरी उघड मांडावा.