दारू सोडायची कोणी?



गावात दोन बोल ऐकू येतात. एक म्हणतो, 'तो आपल्या मर्जीने पितो, भोगू द्या.' दुसरा म्हणतो, 'त्याच्या हातात काही उरले नाही, नाद सोडा.' दोन्ही बोलांचा शेवट एकच : माणूस वाऱ्यावर.

आम्हाला दोन्ही मान्य नाहीत. १९७१ साली व्हिएतनामच्या लढाईतून परतलेल्या अमेरिकन सैनिकांची ली रॉबिन्स या बाईंनी पाहणी केली. तिकडे हेरॉइनच्या आहारी गेलेल्यांपैकी बहुतेकांचे व्यसन मायदेशी आल्यावर सुटले. माणसे तीच, भोवताल बदलला.

आपल्याला गाव सोडता येत नाही. पण भोवताल थोडा बदलता येतो. कापसाचा चुकारा खिशात घेऊन दुकानापुढून जाताना मन हरते. तेच मन सकाळी शुद्धीवर असते. मर्जी चालते ती तेव्हा. तेव्हाच ठरवावे : चुकारा घरधनिणीच्या हाती द्यायचा, बाजाराला एकट्याने जायचे नाही.

रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी सोडली तर हात थरथरतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. ते नाटक नव्हे, बाहेरची बाधाही नव्हे. त्याला कोंडू नका, दवाखान्यात न्या.

मायबहिणींनो, गावातले दुकान बंद करायला आडव्या बाटलीचे मतदान आहे. ते हत्यार तुमच्या हाती आहे.

पिणाऱ्या भावाला आमचे एवढेच सांगणे : सुरुवात तुलाच करायची आहे, पण एकट्याने नाही.