जाझ आणि इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत : एका नात्याचा शोध



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी येथे एकत्र येतो, त्यांनी आपल्याला संगीताविषयी एक साधी शिस्त लावली होती. कोणतेही अनोळखी गाणे कानावर पडले, तर मत देण्यापूर्वी ते मात्रा मोजायला लावीत. आवर्तन कोठे सुरू होते, सम कोठे पडते, कोण काय धरून ठेवतो आणि कोण काय बदलतो, एवढे कळल्यावर मग आवडनिवड सांगावी, असा त्यांचा आग्रह असे. आजच्या विषयाकडे मी त्याच शिस्तीने पाहणार आहे.

ग्वाल्हेरीत या विषयाचे काय काम, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. हद्दू-हस्सू खाँच्या आणि कृष्णराव शंकर पंडितांच्या या नगरात, जिथे १९१८ साली माधवराव शिंदे आणि भातखंडे यांच्या प्रयत्नांतून संगीत महाविद्यालय उभे राहिले, तिथे जाझ आणि यंत्रावरचे नाचाचे संगीत यांची चर्चा उपरी वाटणे स्वाभाविक आहे. पण २०२३ मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीतनगर म्हणून आपल्या सर्जनशील नगरांत स्थान दिले. त्या मानाबरोबर जगातले संगीत समजून घेण्याची जबाबदारीही येते. शिवाय लष्करातल्या कोणत्याही वरातीत जे दणदणते आणि आपली नातवंडे कानांत यंत्र घालून जे ऐकतात, त्याला केवळ गोंगाट म्हणून मोकळे होणे आपल्याला शोभत नाही.

सुशिक्षित घरांत जाझला प्रतिष्ठा आहे आणि इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताला नाही. माझे म्हणणे असे, की ही दोन्ही एकाच घराण्यातली आहेत. मात्र हे नाते सुखाचेच आहे असे नाही. धाकट्याने थोरल्याची जागा घेतली आणि पुष्कळांची भाकरीही घेतली. या दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय नात्याचा उलगडा होत नाही.

प्रथम जाझ. अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्स शहरात, कृष्णवर्णीय समाजाच्या वस्त्यांतून, विसाव्या शतकाच्या आरंभी हे संगीत आकाराला आले. त्याची पहिली तबकडी १९१७ साली निघाली. ते बैठकीचे संगीत नव्हते, नाचाचे होते. त्याची बांधणी आपल्याला परकी वाटू नये. ब्लूज या प्रकारात बारा बारचे आवर्तन असते. प्रत्येक बारमध्ये चार मात्रा, म्हणजे एकूण ४८ मात्रा. अनेक गीतांत ३२ बार, म्हणजे १२८ मात्रांचे आवर्तन असते. साथीदार स्वरसंगतीचा तो क्रम पुन्हा पुन्हा फिरवतात आणि एकेक वादक त्यावर उत्स्फूर्त विस्तार करतो. तबल्याच्या स्वतंत्र वादनात सारंगी किंवा हार्मोनियम लेहरा धरून ठेवते आणि तबलजी त्या आधारावर कायदे, रेले, तिहाया रचतो, तसेच हे आहे. आवर्तन स्थिर आणि त्यावरची कल्पना चंचल, हे दोन्हीकडचे तत्त्व आहे.

हे संगीत आपल्या दाराशी फार लवकर आले. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी यांचा कृष्णवर्णीय वादकांचा संच मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. त्यापाठोपाठ आलेले पियानोवादक टेडी वेदरफर्ड १९४५ साली कलकत्त्यात कॉलऱ्याने वारले. त्यांच्याकडून ही विद्या उचलली ती मुख्यतः गोव्याच्या तरुणांनी. पोर्तुगीज अमदानीत तेथील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. त्यामुळे लिहिलेले संगीत वाचणारी एक पिढीच तयार होती. ट्रम्पेटवादक आंतोनियो शावियेर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, हे त्यांतले ठळक नाव. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने मुंबईतल्या रात्रीच्या मैफली ओसरू लागल्या, तेव्हा यांतले बहुतेक वादक चित्रपटांच्या वाद्यवृंदांत स्थिरावले.

येथे ग्वाल्हेरचा एक धागा येऊन मिळतो. आपल्या घराण्याची गायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात नेली. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर, त्यांचे शिष्य विनायकबुवा पटवर्धन, आणि विनायकबुवांच्या हाताखाली काही काळ शिकलेले रामचंद्र नरहर चितळकर, अर्थात सी. रामचंद्र. याच चितळकरांनी १९५१ साली भगवान यांच्या ‘अलबेला’ चित्रपटाला संगीत दिले, तेव्हा त्यांच्या सोबतीला चिक चॉकलेट होते. ग्वाल्हेरच्या परंपरेत स्वर गिरवलेला मराठी संगीतकार आणि आर्मस्ट्राँगला आदर्श मानणारा गोमंतकीय ट्रम्पेटवादक एका ठेक्यावर भेटले आणि सारा देश त्यावर डोलला. जाझचा भारतातला सर्वांत मोठा श्रोतृवर्ग कदाचित तोच होता. त्याला त्या संगीताचे नाव मात्र ठाऊक नव्हते.

पण त्याच सुमारास अमेरिकेत जाझ नाचापासून दूर चालले होते. चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी आदी तरुणांनी १९४० नंतरच्या वर्षांत बीबॉप नावाची शैली घडवली. तिची लय इतकी जलद आणि विस्तार इतका गुंतागुंतीचा, की श्रोत्याला बसूनच ऐकावे लागे. त्याला व्यवहाराचीही जोड मिळाली. युद्धकाळात, १९४४ साली, नाच चालणाऱ्या विश्रामगृहांवर तेथील सरकारने ३० टक्क्यांपर्यंत कर बसवला. जिथे नाच नाही, केवळ वादन आहे, तिथे तो कर नव्हता. मालकांनी नाचाची जागा काढून खुर्च्या मांडल्या. जाझला त्यातून प्रतिष्ठा लाभली, पण नाचणारे पाय त्याने गमावले. ते पाय पुढे रिदम अँड ब्लूज, सोल आणि डिस्को या संगीताकडे वळले.

जाझमधल्या काही थोरांना ही उणीव जाणवत होती. माइल्स डेव्हिस यांनी १९७२ च्या ‘ऑन द कॉर्नर’ या तबकडीत एकाच ठेक्याचे दीर्घ आवर्तन धरले आणि त्यात सतार व तबलाही घेतला. हर्बी हॅनकॉक यांनी १९७३ च्या ‘हेड हंटर्स’मध्ये सिंथेसायझरवर खर्जाची एक आकृती फिरती ठेवून तिच्यावर विस्तार केला, आणि १९८३ च्या ‘रॉकिट’मध्ये तबकडी हाताने मागेपुढे घासण्याच्या आवाजालाही वाद्याचे स्थान दिले. जाझच्या आतूनच नव्या नृत्यसंगीताकडे अशी वाट निघाली होती.

बाहेरूनही एक वाट येत होती. जपानच्या रोलँड कंपनीने १९८० साली टीआर-८०८ हे तालयंत्र काढले आणि त्याच्या पाठोपाठ टीबी-३०३ हे खर्जाचे यंत्र. एकट्या गिटारवादकाला घरी सरावासाठी साथ मिळावी, हा या दुसऱ्याचा हेतू. खऱ्या वाद्याची नक्कल त्याला साधली नाही, खप झाला नाही, आणि १९८४ मध्ये उत्पादन थांबले. जुन्या बाजारात ते स्वस्तात मिळू लागले, तेव्हा शिकागोच्या कृष्णवर्णीय तरुणांनी ते उचलले. १९८७ साली फ्यूचर या संचाची ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ निघाली आणि एका नव्या संगीतप्रकाराला नाव मिळाले. डेट्रॉइटमध्ये हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन टेक्नो घडवीत होते. त्याच शहरातल्या अंडरग्राउंड रेझिस्टन्स या संचाने १९९३ साली आपल्या एका रचनेला ‘हाय-टेक जाझ’ असेच नाव दिले. नाते त्यांनी लपवले नाही.

आपल्याकडे मात्र याच्याही आधी एक नवल घडून गेले होते. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गिटार आणि कळफलकाची वाद्ये वाजवणारे मुंबईचे चरणजित सिंग यांनी १९८२ साली हीच दोन यंत्रे आणि रोलँडचाच एक सिंथेसायझर घेऊन दहा राग ध्वनिमुद्रित केले. भैरव, ललत, तोडी, यमन, मालकंस असे राग, प्रत्येकी सुमारे पाच मिनिटे, खाली डिस्कोचा अखंड ठेका. तबकडी विकली गेली नाही. २०१० मध्ये ती हॉलंडमधून पुन्हा निघाली, तेव्हा जग चकित झाले; कारण जे शिकागोत १९८७ साली जन्मले असे मानले जात होते, त्याच्याशी हिचे विलक्षण साम्य होते. शिकागोच्या तरुणांनी ही तबकडी ऐकली नव्हती. सिंग यांना उतारवयात युरोपात टाळ्या मिळाल्या. २०१५ मध्ये ते वारले.

हे साम्य कशामुळे? टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. आपल्या कानाला ती मींड वाटते. ठरावीक स्वरांचा समूह, अखंड ठेका आणि मींड एवढी सामग्री हाती आली, की मुंबईचा वादक आणि शिकागोचा तरुण एकाच दिशेने चालू लागतात.

आता मात्रा मोजू. हाउस संगीतात मिनिटाला साधारण १२० ते १३० ठोके असतात, आणि प्रत्येक ठोक्यावर ढोल. बदल घडतो तो बहुधा आठ किंवा सोळा बारनंतर, म्हणजे ३२ किंवा ६४ मात्रांनी. तीनतालाची दोन किंवा चार आवर्तने झाल्यावर. आवर्तन जाझसारखेच स्थिर आहे. मग चंचल काय? भातखंड्यांच्या परंपरेत आपण शिकलो, की नादाचे तीन गुण : उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जाती. जाझचा वादक प्रामुख्याने उच्चनीचतेवर विस्तार करतो, म्हणजे स्वर बदलतो. इलेक्ट्रॉनिक संगीतकार तेच चार स्वर ठेवून नादाची जाती बदलतो. तोच खर्ज आधी बंद पेटीतून यावा तसा घुमतो, मग हळूहळू धारदार होत जातो. राग ऐकताना आपण स्वरांची वाट पाहतो. येथे रंगाची वाट पाहावी लागते. ‘यात काहीच बदलत नाही’ ही आपली तक्रार बहुधा चुकीच्या ठिकाणी लक्ष दिल्यामुळे असते.

आणखी एक खूण सांगतो. जाझमधल्या वादकांची लय सरळ नसते. मात्रेचे दोन भाग ते असमान करतात, त्याला स्विंग म्हणतात. यंत्राची लय मात्र काटेकोर. रॉजर लिन यांनी १९८० साली आपले तालयंत्र बनवले, तेव्हा त्यात मात्रेचा हा तोल मुद्दाम हलवण्याची सोय ठेवली. आजच्या संगणकांतही ती सोय असते आणि तिचे नाव स्विंगच आहे. यंत्राला नाचता यावे म्हणून त्याला जाझची चाल शिकवावी लागली.

एवढे सांगितल्यावर दुसरी बाजू सांगणे भाग आहे. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत एका गाण्यासाठी पन्नास-साठ वादक बसत. सिंथेसायझर आणि तालयंत्रे आली, आणि १९९० नंतरच्या काळात हे मोठे वाद्यवृंद हळूहळू नाहीसे झाले. ज्यांनी जाझ भारतात रुजवले, त्यांच्याच हातचे काम गेले. परदेशातही हेच. १९६९ साली विन्स्टन्स या सोल संचाचे वादक ग्रेगरी कोलमन यांनी ड्रमवर काही सेकंदांचा एक तुकडा वाजवला. पुढे यंत्रांनी तो उचलला आणि जंगल व ड्रम अँड बेस हे प्रकार त्यावर उभे राहिले. कोलमन २००६ मध्ये वारले. त्या तुकड्याचा मोबदला त्यांना मिळाला नाही. ज्या गोव्याने जाझचे वादक दिले, तेथेच १९९० च्या दशकात हणजुणेच्या किनाऱ्यावर गोवा ट्रान्स हा प्रकार नावारूपाला आला. त्यात गोव्याचे नाव राहिले. गोव्याचे वादक फारसे नव्हते.

तेव्हा यंत्राचा निषेध करावा काय? तो अधिकार आपल्याला उरलेला नाही. या शहरातल्या किती घरांत आज रियाज विजेवरच्या तानपुऱ्याशी आणि इलेक्ट्रॉनिक तबल्याशी होतो, हे आपण जाणतो. तेही आवर्तन यंत्रच फिरवते. पण कृष्णराव पंडितांच्या परंपरेतला विद्यार्थी हेही जाणतो, की खरा तबलजी समोर बसला म्हणजे गाणे वेगळे होते. यंत्र मात्रा चुकत नाही. मात्र गाणारा अडखळला तर ते थांबत नाही, आणि त्याला काही सुचले तर ते हसत नाही. जाझचा प्राण आवर्तनात जितका होता, तितकाच एकमेकांचे ऐकण्यात होता. नृत्यसंगीत चांगले असते तेव्हा हे ऐकणे त्यातही असते. समोरचा समुदाय केव्हा थकला, केव्हा उमलला, हे पाहून वाजवणारा आपला ठेका बदलतो. ते नसते तेव्हा उरतो केवळ ठोका. आणि वरातीत आपल्याला त्रास होतो तो बहुधा याच कारणाने.

म्हणून या शाळेपुढे माझी एक नम्र सूचना आहे. संगणकावर संगीत रचणारी मुले आपल्या वर्गांत आजही आहेत. त्यांना संगीताच्या खोलीबाहेर ठेवू नये. त्यांना आत बोलवावे, त्यांचा ठेका लावावा, आणि शेजारी तबला शिकणाऱ्या मुलाला आणि ख्याल शिकणाऱ्या मुलीला बसवावे. अट एकच : ठेका लावणाऱ्याने हात यंत्रावर ठेवावा आणि डोळे साथीदारांकडे. कोणी समेवर आधी आले, तर दुसऱ्याने वाट पाहावी. अशा एका तासात त्या मुलांना जाझचा इतिहास कळेल, तालाचे शास्त्र कळेल, आणि ज्यांचे काम यंत्राने नेले त्यांच्या कलेचे मोलही कळेल. हातांनी वाजवणाऱ्याची जागा ज्या शाळेत राखली जाते, तेथे यंत्राची भीती बाळगण्याचे कारण नाही.

गुरुजींच्या स्मृतीला वंदन करतो.