चढणीचे मासे आणि आपले बंधारे
(मच्छे येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मच्छे या नावातच मासा ऐकू येतो. नावाची व्युत्पत्ती भाषाशास्त्रज्ञांवर सोपवून मी आज प्रत्यक्ष माशांविषयी बोलणार आहे.

मृगाचा मोठा पाऊस होऊन ओढ्यांना गढूळ पाणी आले की मासे प्रवाहाविरुद्ध वर निघतात. यांनाच आपण चढणीचे मासे म्हणतो. अंडी घालण्यास त्यांना उथळ, खळाळते पाणी व नुकतेच भिजलेले काठ लागतात, आणि ही संधी वर्षातून थोडेच दिवस लाभते.

घटप्रभेवरील हिडकल किंवा मलप्रभेवरील नविलुतीर्थ यांसारख्या धरणाची भिंत कोणताही मासा चढू शकत नाही. शिवाय पहिला पूर जलाशयातच अडल्याने खालच्या माशांना निघण्याची सूचनाही मिळत नाही. गंगेत अलाहाबादपर्यंत जाणारा हिलसा १९७५ मध्ये फराक्का बंधारा सुरू झाल्यावर वरच्या पात्रातून जवळजवळ नाहीसा झाला. जलाशयात रोहू-कटल्याचे बीज सोडल्याने उत्पादन वाढते हे खरे. पण नदीच्या मूळ माशांची वाट त्याने मोकळी होत नाही. तथापि, मोठ्या धरणाबाबत गावाच्या हाती फारसे काही नसते. लहान बांधकामांचे तसे नाही.

निपाणी भागात वेदगंगेवर जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ असे बंधारे आहेत; त्यांच्यावरूनच रस्ता जातो. पुरात ते पाण्याखाली गेले की वाहतूक बंद पडते, आणि त्याची बातमी दरवर्षी येते. माशांची वाट मात्र नेमकी त्याच वेळी खुली होते! कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात बरगे पावसाळ्यापूर्वी काढावयाचे व पाऊस सरल्यावर घालावयाचे असतात. ही पद्धत माशांसाठी योजलेली नसली तरी त्यांच्या फार उपयोगी पडते. मात्र बरगे काढण्यास आठ-पंधरा दिवसांचा विलंब झाला तर पहिली चढण भिंतीपाशीच अडते. पुढे पूर आला तरी अंड्यांनी भरलेले कित्येक मासे तोवर जाळ्यात गेलेले असतात.

याहून दुर्लक्षित गोष्ट म्हणजे रस्त्याखालची नळाची मोरी. अरुंद नळातून पाणी इतक्या वेगाने येते की लहान मासा दमून मागे वाहून जातो. मोरीच्या खालच्या बाजूची माती वाहून गेली की नळाचे तोंड अधांतरी राहते. उडी घेण्यास खाली खोल डोह लागतो. तेथे काँक्रीटची फरशी असेल तर मासा तिच्यावरच आपटत राहतो. असल्या मोरीच्या तोंडाशी पिशवी धरून बसणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्यांना दोष देण्यापूर्वी मोरी कोणी व कशी बांधली हे विचारावे, असे माझे मत आहे.

नळ ओढ्याच्या तळाखाली थोडा पुरला, तर त्यात वाळू-गोटे साचून नैसर्गिक तळ तयार होतो. जुन्या मोरीपुढे दगडांचा सौम्य उतार रचला तरी पुष्कळ काम भागते. शिक्षकांना माझी विनंती आहे की, जूनमध्ये ओढा धोकादायक नसताना विद्यार्थ्यांना काठावर न्यावे, मासे कोठे अडतात ते पाहावे, आणि पाणी ओसरल्यावर नळाचे तोंड तळापासून किती वर आहे ते मोजपट्टीने मोजावे. ही नोंद ग्रामपंचायतीमार्फत बांधकाम खात्याच्या अभियंत्यांकडे उन्हाळी दुरुस्तीचे अंदाजपत्रक तयार होण्यापूर्वी पोहोचली पाहिजे.