टपालपेटीवरची दोन नावं

मुलं परदेशी गेली की इकडून आपण फोनवर ठरलेले प्रश्न विचारतो. जेवलात का? थंडी किती आहे? आणि मग आवाज थोडा खाली आणून, करमतं का रे तिथं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सरळ मिळतात. तिसऱ्याचं उत्तर बहुधा ‘हो, करमतं की’ असंच येतं. ते कितपत खरं मानायचं, हे उत्तर कोण देतंय यावर अवलंबून असतं. नवरा देतोय की बायको? आज या फरकाविषयीच चार शब्द बोलायचे आहेत.

माझी मुलगी आणि जावई २०२२ साली बर्लिनला गेले. तो सॉफ्टवेअर इंजिनिअर, ती फिजिओथेरपिस्ट. गेल्या उन्हाळ्यात मी अडीच महिने त्यांच्याकडे राहून आलो. ब्रांडेनबुर्गचा दरवाजा पाहिला, भिंतीचे राहिलेले तुकडे पाहिले. पण मला जास्त कुतूहल होतं ते दोन माणसं परक्या गावात संसार कसा मांडतात याचं.

आमच्या कोकणाला परदेश नवा नाही. कुणी बोटीवर, कुणी आफ्रिकेत, पुढे कुवेत-दुबईला. पण जायचा तो पुरुष. बायको गावी, सासूसासऱ्यांजवळ. संसार दोन ठिकाणी वाटला गेलेला असायचा आणि तो तसा वाटला गेला आहे हे सगळ्यांना दिसायचं. आता दोघं एका विमानानं जातात, एका घरात राहतात. ताटातूट संपली, असं म्हणून आपण निश्चिंत होतो.

तिकडे पोचल्यावर पहिलं काम पत्ता नोंदवण्याचं. जर्मनीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत आपला पत्ता सरकारदरबारी नोंदवावा लागतो. त्यासाठी घरमालकाचा दाखला हवा. नोंद झाली की करखात्याचा नंबर टपालानं घरी येतो. बँकेचं कार्ड टपालानं, आरोग्यविम्याचं कार्ड टपालानं. इतक्या पुढारलेल्या देशात पोस्टमनचा असा थाट पाहून मला बरं वाटलं. गंमत अशी, की बर्लिनमधल्या बहुतेक इमारतींत पत्त्यात फ्लॅटचा नंबर लिहीत नाहीत. खाली दारावरच्या बेलशेजारी आणि टपालपेटीवर राहणाऱ्यांची आडनावं असतात. पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जातं. माझ्या मुलीनं लग्नानंतर नाव बदललेलं नाही, म्हणून जावयानं पेटीवर दोन्ही नावं चिकटवली.

त्या नोंदणीच्या अर्जात धर्माचा रकाना असतो. तो पाहून मुलगी जरा थबकली होती. सरकारी कागदावर हा प्रश्न कशाला, असं आपल्यासारख्याच्या मनात येणारच. कारण निघालं कराचं! कॅथलिक आणि प्रोटेस्टंट चर्चच्या सभासदांकडून तिथलं सरकार चर्चसाठी कर गोळा करतं. बर्लिनमध्ये तो आयकराच्या नऊ टक्के आहे. यांना तो लागू नाही, एवढाच त्या रकान्याचा अर्थ.

मग रोजच्या रीतीभाती. रविवारी जवळजवळ सगळी दुकानं बंद. रविवारच्या विश्रांतीला तिथल्या घटनेचंच संरक्षण आहे, १९१९ च्या घटनेतलं ते कलम १९४९ च्या घटनेनं तसंच पुढे चालू ठेवलं. कागदाला निळा डबा, ओल्या कचऱ्याला तपकिरी, वेष्टनांना पिवळा. काचेतही रंगीत वेगळी, बिनरंगी वेगळी, आणि तीही रात्री किंवा रविवारी टाकायची नाही, कारण आवाज होतो. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीमागे पंचवीस सेंट अनामत. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात घातली की पैसे परत. पुष्कळ लोक अशा बाटल्या कचऱ्याच्या डब्यात न टाकता शेजारी उभ्या करून ठेवतात, गोळा करणाऱ्या गरिबाला डब्यात हात घालावा लागू नये म्हणून. ही रीत मला फार आवडली. आणि आपण रेडिओवर बोलतोय म्हणून सांगतो, तिथं दर घरामागे रेडिओ-टीव्हीची वर्गणी द्यावी लागते. २०२१ साली ती महिना १८ युरो ३६ सेंट ठरली. घरात रेडिओ नसला तरी द्यायची!

हे सगळं दोन-तीन महिन्यांत अंगवळणी पडतं. घर लागलं, पडदे लागले, मसाल्याचे डबे भरले. इथून पाहणाऱ्याला वाटतं, झालं, मुलं रुळली.

पण जावई ज्या गावात पोचला होता तिथं मुलगी पोचली नव्हती. त्याचं ऑफिस पहिल्याच सोमवारी सुरू झालं. कामाची भाषा इंग्रजी. शेजारच्या टेबलावर एक पोलंडचा, एक ब्राझीलचा. दुपारचं जेवण बरोबर, संध्याकाळी कधी चहा-कॉफी. त्याला आयतं गाव मिळालं. ती दिवसभर चौथ्या मजल्यावर. खिडकीतून समोरची खिडकी. नोव्हेंबर-डिसेंबरात चार वाजता दिवेलागण होते. तो घरी येई तेव्हा दिवसभर बोलून दमलेला असे, आणि ती दिवसभर न बोलून. एका छताखाली राहून दोघं दोन वेगळ्या गावांत होती. आमच्या कोकणातल्या त्या जुन्या संसारांसारखंच, पण इथं ते कुणाला दिसत नव्हतं.

कायदा आडवा आला होता असं नाही. युरोपीय ‘ब्लू कार्ड’वर जाणाऱ्याच्या जोडीदाराला जर्मनीत पहिल्या दिवसापासून नोकरी करता येते. अडचण पेशाची होती. फिजिओथेरपीची आपल्याकडची पदवी साडेचार वर्षांची. तिथं ती मान्य करून घ्यावी लागते. कागद तपासतात, कमी पडेल ते शिकून किंवा परीक्षा देऊन भरून काढायचं, आणि जर्मन भाषा ‘बी-टू’पर्यंत यायला हवी. भाषेच्या सहा पायऱ्यांतली ही चौथी. रोग्याला ‘कुठं दुखतं’ हे विचारायचं, आणि तो म्हातारा आपल्या बोलीत जे सांगेल ते समजून घ्यायचं, तर अट रास्तच आहे. पण पदवी हातात असलेल्या बाईनं पुन्हा मुळाक्षरं गिरवायची, हे सोपं नसतं.

ती लोकविद्यालयात जाऊ लागली. बर्लिनच्या बाराही विभागांत प्रौढांसाठी अशी विद्यालयं आहेत. वर्गात एक सीरियाची शिक्षिका, एक युक्रेनची हिशेबनीस, एक व्हिएतनामची आजी. सगळ्या आपापल्या देशात कुणीतरी असलेल्या, आणि इथं पहिलीत बसलेल्या. वर्षभरात तिला वाण्याशी, डॉक्टरशी, खालच्या मजल्यावरच्या तक्रारखोर आजोबांशी बोलता येऊ लागलं. घरमालकाचं पत्र आलं की वाचायची ती. विमा कंपनीला फोन करायची ती. तीन वर्षं झाली तरी जावयाला पाव मागण्यापलीकडे जर्मन येत नव्हतं, कारण ते त्याला कधी लागलंच नाही. ज्याला शहर आयतं मिळालं तो पाहुणाच राहिला आणि जिला काहीच मिळालं नव्हतं ती तिथली झाली.

मला इथं इरावती कर्वे आठवतात. ‘युगान्त’मुळे त्या आपल्याला ठाऊक आहेत. पण १९२० च्या दशकाच्या अखेरीस ही तरुण बाई पतीला पुण्यात ठेवून एकटी बर्लिनला गेली, मानवशास्त्र शिकली आणि आपला प्रबंध जर्मन भाषेत लिहिला. मानवी कवटीच्या दोन बाजूंत जो फरक असतो त्याचा वंशाशी संबंध असावा, असं तिच्या मार्गदर्शक प्राध्यापकांना, ऑयगेन फिशर यांना, वाटत होतं. हिनं कवट्या मोजून तसा संबंध नाही असं दाखवलं. आणि तेही त्यांच्याच भाषेत. दुसऱ्याची भाषा शिकण्याचा मोठा फायदा हाच, तिच्यात त्यांना ‘नाही’ म्हणता येतं.

मी तिथं असतानाच जावयाला कंपनीनं डब्लिनला बदली देऊ केली. पगार जास्त, गाव इंग्रजी बोलणारं. तो खुशीत घरी आला. मुलगी भांडी पुसत होती. तिनं विचारलं, ‘माझी परीक्षा?’ तो म्हणाला, ‘तिथं भाषेचा प्रश्नच नाही, उलट तुला सोपं जाईल.’ ती म्हणाली, ‘तिथंही कागद नव्यानंच तपासतील. मला तिसऱ्यांदा पहिलीत बसायचं नाही.’ मग बराच वेळ कुणी बोललं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. ‘अब्बा, तुम्ही सांगा.’ मी सांगितलं, की हा तुमच्या दोघांचा हिशेब आहे, पण मांडताना दोन्ही रकाने मांडा. त्याचा पगार आकड्यात दिसतो, तुझी तीन वर्षं आकड्यात दिसत नाहीत, म्हणून ती वगळू नका. चार दिवस घरात अबोला होता. पाचव्या दिवशी त्यानं कंपनीला नकार कळवला. त्याला ते सोपं गेलं असं मी म्हणणार नाही. अजूनही मधूनमधून डब्लिनचा विषय निघतो.

त्यांच्या घराजवळ, नॉयक्योल्न भागात, एका तुर्की माणसाचं भाजीचं दुकान आहे. कोथिंबिरीची जुडी, भेंडी, पुदिना, सगळं मिळतं. ३० ऑक्टोबर १९६१ रोजी पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात करार झाला आणि तुर्की कामगार जर्मनीत येऊ लागले. त्यांना नाव मिळालं ‘पाहुणे कामगार’. हे परत जाणार असं जर्मन सरकारनं धरलं, आपण परत जाणार असं त्यांनीही धरलं. पाहुण्याला भाषा कशाला शिकवायची? परदेशातून येणाऱ्यांना भाषेचे सहाशे तास शिकवायची सरकारी व्यवस्था सुरू व्हायला २००५ साल उजाडलं.

या दुकानदाराचे आजोबा त्या लाटेत आले. हा स्वतः बर्लिनमध्ये जन्मला, तिथंच शिकला. मुलगी दुभाष्या झाली आणि आमच्या गप्पा झाल्या. तो हसत म्हणाला, ‘अजून गिऱ्हाईक म्हणतं, तुम्ही जर्मन किती छान बोलता! मी सांगतो, तुम्हीही बरं बोलता.’

मी त्याच्याबरोबर हसलो, पण मला ते आतून कळलं. मी तीस वर्षं मराठीत कविता लिहितो. माझ्या घरात मराठीखेरीज दुसरं वर्तमानपत्र आलेलं नाही. तरी कविसंमेलनानंतर कुणीतरी हात हातात घेऊन म्हणतं, ‘तुमचं मराठी किती शुद्ध आहे हो!’ ते प्रेमानंच म्हणतात. मी आभार मानतो आणि एस.टी.त बसल्यावर त्या वाक्याचा विचार करत राहतो. म्हणून भाषा आली की सगळं झालं, असं मी मुलीला सांगितलं नाही. तिचं नाव, तिचा रंग पाहून पुढंही कुणीतरी विचारील, तुम्ही मूळच्या कुठल्या? पण भाषा असली तर त्या प्रश्नाला उत्तर देता येतं.

जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांत अलीकडे भारतीयांची संख्या सर्वांत मोठी झाली आहे. त्यांतले कित्येक तिथं नोकरी धरतील, लग्न करतील, जोडीदाराला नेतील. त्यांच्या आईबापांना माझं सांगणं आहे. मुलाला व्हिसा मिळाला की पेढे वाटता, त्याच आठवड्यात सुनेच्या, मुलीच्या शिक्षणाचं तिथं काय होणार याची चौकशी करा. पुण्या-मुंबईत मॅक्समुल्लर भवनात जर्मन शिकवतात. जाण्याआधी दोघांनी पहिली पायरी चढावी. दोघांनी, हे पुन्हा सांगतो. ज्याला भाषेवाचून अडत नाही त्यानं तर नक्कीच, नाहीतर पेटीवर नाव राहतं आणि आलेलं पत्र बायकोकडून वाचून घ्यावं लागतं.

माझी मुलगी सध्या परीक्षेची तयारी करते आहे. जावई मंगळवारी संध्याकाळी जर्मनच्या वर्गाला जातो. गृहपाठ तपासते ती.