विमानाची शाळा निवडताना

(किन्हवली येथे प्रौढांच्या रात्रवर्गात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



आपल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांवरून रोज विमाने जातात. भाताची लावणी करताना आपण क्षणभर मान वर करतो, विमान पाहतो आणि पुन्हा वाकतो. पूर्वी वाटे, ते विमान म्हणजे दुसऱ्या जगातली वस्तू. आता तसे राहिले नाही. २०२५ च्या डिसेंबरात नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला. आता आपल्याच घरातले एखादे मूल म्हणते, "मला विमान चालवायचे आहे."

मुलाने असे म्हणण्यात वावगे काही नाही. पण त्यासाठी शाळा निवडायची ती बापाने आणि आईने डोळे उघडे ठेवून. आज मी एवढीच गोष्ट सांगणार आहे. मी स्वतः मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. विमान मी चालवलेले नाही. पण एका शेतकऱ्याबरोबर मी अशा दोन शाळा पाहून आलो. जे पाहिले ते सांगतो.

हा शेतकरी माझाच जुना विद्यार्थी. त्याची जमीन समृद्धी महामार्गात गेली. मोबदल्याचे पैसे बँकेत आले. मागे दोन एकर राहिली. मुलगी बारावीला, शास्त्र शाखेत. एक दिवस तो माझ्या ओटीवर येऊन बसला. हातात एक गुळगुळीत पुस्तक. पुस्तकात विमाने, आणि पांढऱ्या सदऱ्यातली हसरी मुले.

तो म्हणाला, "गुरुजी, पोरीला पायलट व्हायचंय. एक माणूस घरी आला होता. म्हणतो, महिनाअखेर सगळी फी एकदम भरा, दोन लाख सूट देतो. भरू का?"

मी विचारले, "तू म्हशाच्या जत्रेत बैल घेतोस, तो चित्र पाहून घेतोस का?"

तो हसला. म्हणाला, "नाही गुरुजी. दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो."

"मग इथे तर जन्माची पुंजी घालायची आहे. इथेही चालवून बघू."

मग आम्ही आधी माहिती गोळा केली. ती अशी.

प्रवासी विमान चालवायचे तर आधी व्यावसायिक वैमानिकाचा परवाना लागतो. हा परवाना शाळा देत नाही. तो सरकार देते. दिल्लीला नागरी विमान वाहतूक महासंचालनालय म्हणून कचेरी आहे, ती देते. परवान्यासाठी वय १८ पूर्ण लागते. २०० तास विमान उडवावे लागते. त्यातले १०० तास विमानाची सगळी जबाबदारी स्वतःवर घेऊन. लेखी परीक्षा असतात. वाट कशी काढावी, हवामान कसे ओळखावे, कायदे काय, यंत्र कसे चालते, असे विषय. परीक्षा इंग्रजीत. शंभरात ७० गुण मिळाले तर पास. पस्तीस गुणांचा हिशोब इथे चालत नाही. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र असावे, ही जुनी अट. ती सैल करावी अशी चर्चा झाली आहे. तरी मुलाने गणित सोडू नये.

आता खर्च. परवान्यापर्यंत पन्नास लाखांच्या आसपास लागतात. कुठे थोडे कमी, कुठे जास्त. परवाना मिळाला तरी काम संपत नाही. शाळेतले विमान लहान, दोन-चार माणसांचे. कंपनीचे विमान मोठे. त्या मोठ्या विमानाचे शिक्षण वेगळे. त्याला आणखी पंधरा-वीस लाखांच्या घरात खर्च येतो. आणि परवाना म्हणजे नोकरी नव्हे, हे नीट ध्यानात घ्या. परवाना हातात घेऊन दोन-दोन वर्षे वाट पाहणारी मुले आहेत. म्हणून कोणी "नोकरीची हमी" म्हणाला, तर ती हमी कागदावर मागा. तोंडी हमी वाऱ्यावर जाते.

हे ऐकून शेतकरी गप्प झाला. मी म्हटले, "घाबरू नको. पण पायऱ्या क्रमाने चढ."

पहिली पायरी डॉक्टरची. वैमानिकाची प्रकृती सरकारने नेमलेले डॉक्टर तपासतात. डोळे, कान, हृदय, रक्त, सारे पाहतात. चष्मा असला म्हणून दार बंद होत नाही. पण रंग नीट ओळखता येत नसतील तर मोठी अडचण येते. हा दोष माणसाला स्वतःला पुष्कळदा ठाऊकही नसतो. समजा, फी भरली आणि मग तो दोष निघाला. पैसे परत कोण देणार? म्हणून आधी डॉक्टर, मग फी. मुलीची तपासणी झाली. दाखला मिळाला.

दुसरी पायरी लेखी परीक्षेची. या परीक्षांचा अभ्यास उडण्याआधी करता येतो. त्याचा खर्च उडण्याच्या खर्चापुढे थोडा. दोन-तीन विषय आधी सुटले, तर मुलाचा कस कळतो. मुलालाही कळते, ही नुसती हौस आहे की खरी ओढ. या मुलीने बारावीनंतर घरी दिवा लावून अभ्यास केला. दोन विषय पहिल्या खेपेस सुटले. तेव्हा मी म्हणालो, "आता शाळा पाहायला निघू."

विमानाच्या शाळा आपल्याकडे आजच्या नाहीत. मुंबईत जुहूला १९२८ साली बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाला. जे. आर. डी. टाटा तिथेच शिकले. १९२९ च्या फेब्रुवारीत त्यांना भारतातला पहिला परवाना मिळाला. आता महाराष्ट्रात बारामती, धुळे, जळगाव, गोंदिया अशा ठिकाणी हे शिक्षण चालते. उत्तर प्रदेशात फुरसतगंजला केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी आहे. आपल्या कोकणपट्टीत पाऊस फार. ढग खाली उतरले की शिकाऊ विमान उडत नाही. म्हणून शाळा कोरड्या मुलखात पुष्कळ. सरकारने मान्य केलेल्या शाळांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर असते. २०२५ पासून ते शाळांना श्रेणीही देतात, वर्षातून दोनदा. गावातल्या सेवा केंद्रात जाऊन ती पाहता येते. यादीत नाव नसेल तर त्या शाळेचा उंबरठा चढू नका.

आम्ही दोन शाळा पाहिल्या. नावे सांगत नाही. नावाशी आपल्याला काम नाही.

पहिली शाळा गुळगुळीत पुस्तकाची. कचेरी थंडगार. चहा आला, बिस्किटे आली. आम्ही म्हणालो, "मैदान दाखवा." ते म्हणाले, "आज परवानगी नाही." आम्ही कुंपणाबाहेर झाडाखाली दोन तास बसलो. पुस्तकात विमाने आठ. त्या दोन तासांत उडाले एक. दोन छपराखाली उभी. त्यातल्या एकाला पुढचा पंखाच नव्हता. चहाच्या टपरीवर एक मुलगा भेटला. तो म्हणाला, "काका, मला इथे दोन वर्षे झाली. फी सगळी भरली. तास झाले नव्वद." त्याच्या बापाने घर तारण ठेवले होते. तो मुलगा आमच्याशी बोलला, पण वर पाहिना.

तिथे मी जमिनीवर काडीने एक हिशोब मांडला. तुम्हीही पाटीवर मांडा. समजा शाळेत ४० मुले. प्रत्येकाला २०० तास. म्हणजे एकूण ८,००० तास. एक विमान दिवसाला ४ तास उडाले, आणि पाऊस-धुके सोडून वर्षाचे २५० दिवस मिळाले, तर एका विमानाचे १,००० तास. म्हणजे वर्षात सर्वांचे शिक्षण पुरे व्हायला चालती विमाने ८ हवीत. चारच चालत असतील तर दोन वर्षे. दोनच चालत असतील तर चार वर्षे. आणि तोवर राहण्याजेवण्याचा खर्च चालूच. आहे की नाही साधा भागाकार? पण हा भागाकार न केल्यामुळे घरे बुडतात.

ध्यानात ठेवा, विमाने "किती आहेत" असे विचारू नका. "आज उडतात किती" असे विचारा. ठराविक तास उडाले की विमान तपासणीला बसवावे लागते. चांगली शाळा ती तपासणी टाळत नाही. पण दुरुस्तीसाठी तिची स्वतःची माणसे असतात. तिचे विमान महिनोन्‌महिने छपराखाली राहत नाही.

दुसरी शाळा दिसायला साधी. कचेरीतला पंखा कुरकुरत होता. पण भिंतीवर फळा होता. फळ्यावर त्या दिवशी कोण, कोणत्या विमानात, किती वाजता, कोणत्या शिक्षकाबरोबर उडणार, ते लिहिलेले. मुख्य शिक्षक स्वतः मैदानावर घेऊन गेले. मी विचारले, "मागच्या वर्षीच्या मुलांना २०० तासांना किती महिने लागले?" त्यांनी वही काढून दाखवली. कोणाला चौदा महिने, कोणाला अठरा, एकाला बावीस. बावीस का, तेही सांगितले. खोटे गोड बोलले नाहीत. मी विचारले, "अपघात झालेत का?" ते म्हणाले, "एकदा विमान धावपट्टीवरून घसरले. कोणाला लागले नाही. त्यानंतर वाऱ्याचा नियम आम्ही कडक केला." मला ते उत्तर आवडले. चूक सांगणारा गुरू चूक लपवणाऱ्यापेक्षा बरा.

फीसुद्धा तिथे हप्त्याने. जेवढे तास उडाल, त्या मानाने पुढचा हप्ता. मध्येच शिक्षण सोडले तर काय परत मिळेल, तेही करारात लिहिलेले. करार इंग्रजीत होता. आम्ही तो शहापूरला वकिलाकडून वाचून घेतला आणि मगच सही केली. अंगठा काय किंवा सही काय, वाचल्याशिवाय देऊ नये. हा वर्ग त्यासाठीच तर आहे.

आता पैशाचे. शेतकऱ्याने आधीच ठरवले, की मोबदल्यातून एवढेच घालायचे. उरलेल्या दोन एकरांना हात लावायचा नाही. कर्ज काढायचे तर मोठ्या कर्जाला बँक तारण मागते. पोटाची जमीन तारणाला ठेवू नका, असे मी हात जोडून सांगतो. सरकारी मदतीचीही चौकशी करा. आदिवासी आणि अनुसूचित जातीच्या मुलांसाठी मॅट्रिकनंतरची जी शिष्यवृत्ती आहे, तिच्यात वैमानिकाचे शिक्षण धरलेले आहे. आपल्या ठाकूर, कातकरी, महादेव कोळी बांधवांनी शहापूरच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात जाऊन विचारावे. इतर मागास वर्गाच्या मुलांसाठी नागपूरच्या महाज्योती संस्थेने अशी योजना राबवली होती. यंदा अर्ज निघाले आहेत का, ते विचारावे. विचारायला पैसे पडत नाहीत.

कोणी म्हणेल, "मुलीला कशाला एवढे?" त्याला सांगा, १९८५ साली आपल्या सौदामिनी देशमुख यांनी कोलकात्याहून सिलचरला प्रवासी विमान नेले. त्या कप्तान होत्या, आणि विमानातले सारे कर्मचारी स्त्रियाच होत्या. विमानाला मुलगा-मुलगी कळत नाही. त्याला शिस्त कळते.

ती मुलगी आता दुसऱ्या शाळेत शिकते आहे. मागच्या महिन्यात तिचा बाप पुन्हा ओटीवर आला. म्हणाला, "गुरुजी, पोरगी काल पहिल्यांदा एकटी उडाली. शिक्षक खाली उभे, ही वर. एक फेरी मारून नीट उतरली." एवढे बोलून तो पदरची बातमी संपल्यासारखा गप्प बसला. मीही बोललो नाही. पुढे परवाना मिळेल, नोकरी मिळेल की नाही, ते पुढे पाहू. पण आज ती फसलेली नाही, एवढे खरे.

तर मंडळी, पाच गोष्टी पाटीवर लिहून घ्या.

१. आधी डॉक्टर, मग फी.
२. सरकारी यादीत शाळेचे नाव पाहा.
३. मैदानावर जा. आज किती विमाने उडतात ते मोजा.
४. शिकणाऱ्या मुलांना एकटे गाठून विचारा.
५. फी हप्त्याने द्या. करार वाचून घ्या.

म्हशाच्या जत्रेत जी नजर ठेवता, तीच इथे ठेवा. बैल फसवा निघाला तर एक हंगाम जातो. इथे मुलाची उमेद जाते.

रामराम.