सातबारा आणि मत

21 सप्टेंबर 2008 रोजी पेण तालुक्यातल्या 22 गावांत सरकारने शेतकऱ्यांनाच विचारलं: महामुंबई सेझला जमीन द्यायची की नाही? बहुतेकांनी ‘नाही’ म्हटलं. गोव्यात 1967 च्या जनमत कौलामागे संसदेचा कायदा होता, इथे तसं काही नव्हतं. तरी एन. डी. पाटील आणि शेतकऱ्यांच्या लढ्याला बळ मिळालं. पुढे भूसंपादनाची मुदत संपली, सेझ बारगळला.

मला खटकतं ते वेगळंच. विचारलं जमीनमालकांना. शेतमजूर, खाडीवर जगणारा मच्छीमार त्यात नव्हता. आणि आपल्याकडे? शरियतने बहिणीचा वाटा ठरलेला, पण पुष्कळ घरांत सातबाऱ्यावर नावं भावांचीच. उद्या असा कौल पुन्हा आला, तर तिला कोण विचारणार? या आठवड्यात तलाठ्याकडून उतारा काढा, नावं वाचा.