संरक्षण सामग्री आणि आपले पदवीधर



वास्को येथील गोवा शिपयार्डमधून नौका पाण्यात उतरते, तेव्हा टाळ्या वाजतात. परंतु पुढील पंचवीस-तीस वर्षे तिला सुटे भाग पुरवावे लागतात. कराराचा तपशील नीट वाचला गेला नाही, तर पंप चुकीचा येतो आणि गस्तीनौका धक्क्यालाच राहते. हे काम केवळ अभियंत्यांचे, हा खेड्यापाड्यांतील समज निराधार आहे. खरेदीची आर्थिक तपासणी करणाऱ्या भारतीय संरक्षण लेखा सेवेस कोणत्याही शाखेची पदवी चालते, कलाशाखेचीसुद्धा! वाट संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेची. वय किमान २१, सर्वसाधारण उमेदवारास ३२ वर्षांच्या आत ६ संधी. मुख्य परीक्षेचे निबंध व सामान्य अध्ययनाचे पेपर मराठीतूनही लिहिता येतात. इंग्रजीत मात्र उत्तीर्ण व्हावेच लागते.